जपानमध्ये कुटुंबासह राहताना: आपल्या माणसांची वस्ती की जपानी शेजार?

अनुजा_सातारा

नमस्कार. माझ्या नवऱ्याची पुण्यातील कंपनीतून टोकियोच्या कार्यालयात चार-पाच वर्षांसाठी बदली झाली असून मार्चमध्ये आम्ही तिघेही तिकडे जाणार आहोत. मुलीला जानेवारीत सहा वर्षे पूर्ण झाली. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. तिथून बिनपगारी रजा घेऊन मी डिपेंडंट व्हिसावर जाईन.

घर कुठे घ्यायचे हे आता लवकर ठरवावे लागणार आहे आणि त्याबद्दल ओळखीच्या लोकांची मते अगदी दोन टोकांची आहेत. एदोगावा प्रभागातल्या निशी-कासाईला राहा, तिथे भारतीय दुकाने आहेत, भारतीय शाळा आहे, मराठी शेजारीही मिळतील, असे काही जण सांगतात. तसे केले तर पाच वर्षे राहूनही जपानशी ओळख होणार नाही, म्हणून सरळ जपानी वस्तीत घर घ्या, असे इतरांचे म्हणणे आहे. नियमांची माहिती इकडेतिकडे बरीच मिळते. तुमच्यापैकी जे तिथे कुटुंबासह राहिले त्यांचा जम कशामुळे बसला, आणि घरातल्या ज्या व्यक्तीला रोज कचेरीत जायचे नसते तिने ती वर्षे कशी काढली, हे मला मुख्यतः जाणून घ्यायचे आहे.

वाटसरू

अनुजाताई, निशी-कासाईबद्दल पुष्कळ जण हलक्या सुरात बोलतात, म्हणून ती वस्ती कशी झाली ते आधी सांगतो. २००० सालाच्या सुमारास संगणकांमधल्या तारखांच्या (वायटूके) दुरुस्तीच्या कामासाठी भारतातून अभियंते मोठ्या संख्येने टोकियोत आले. ओतेमाची आणि निहोनबाशी या भागांतल्या बँकांच्या कचेऱ्या तोझाई या भुयारी रेल्वेमार्गावर आहेत आणि निशी-कासाईही त्याच मार्गावर आहे, त्यामुळे गाडी न बदलता कामावर जाता येत असे. खासगी घरमालक परदेशी भाडेकरूला घर द्यायला कचरत. यूआर ही सार्वजनिक गृहसंस्था मात्र जामीनदार मागत नाही, दलाली घेत नाही आणि घरमालकाला द्यायची ती परत न मिळणारी मानाची रक्कमही तिथे नसते. फक्त उत्पन्नाची अट पूर्ण करावी लागते. अशी घरे त्या भागात होती, म्हणून लोक तिथे राहिले. यात जपानी समाजापासून दूर राहण्याचा हेतू कोणाचाही नव्हता.

आणि त्या वस्तीत राहणारा माणूस जपानपासून तुटतोच, हेही खरे नाही. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ जपानी नागरिकत्व घेऊन २०१९ मध्ये त्याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. भारतीय वस्तीतल्या लोकांची कामे करता करताच त्यांची प्रभागाच्या कारभाराशी ओळख झाली होती. तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षे तरी आपल्या माणसांत राहा.

गोदाकाठ

वाटसरू यांनी सांगितलेला इतिहास बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. एक अपवादात्मक कर्तबगार माणूस तिथून निवडून आला म्हणून ती वस्ती सर्वांना जपानी समाजाकडे नेते असे म्हणता येणार नाही.

आम्ही सैतामा प्रांतातल्या एका साध्या वस्तीत राहतो आणि आमच्या गल्लीत आम्ही एकटेच परदेशी आहोत. घरात आल्यावर दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी टॉवेल आणि बिस्किटांचा छोटा डबा देऊन नमस्कार करून आलो, कारण नव्या बिऱ्हाडाने तसे करायचे अशी तिथे रीत आहे. पुढे शेजारसंघाचे सभासद झालो. सूचनांची फाइल एका घरातून दुसऱ्या घरात फिरते, ती आमच्याकडेही येऊ लागली. कचऱ्याच्या जागेवर कावळ्यांसाठी जाळी टाकण्याची आणि गाडी गेल्यावर ती जागा झाडून घेण्याची पाळी प्रत्येक घराकडे येते, तशी आमच्याकडेही येते. आपल्याकडे पाहुण्याला काम सांगत नाहीत. इथे काम वाटून दिले की समजावे, आपण आता पाहुणे राहिलो नाही. झाडू हातात घेऊन उभी असताना पलीकडच्या आजींशी माझे जेवढे बोलणे झाले, तेवढे जपानीच्या कोणत्याही वर्गात झाले नसते. मराठी शेजार असता तर त्या आजींकडे मी कशाला गेले असते?

शरयू

गोदाकाठ, तुमचा अनुभव सुंदर आहे, पण तुम्ही तिकडे गेलात तेव्हा तुम्हाला जपानी येत होते का, हे कृपया सांगाल का? उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

गोदाकाठ

शरयू, प्रश्न रास्त आहे. पुण्यात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी करूनच मी गेले होते. बोलणे अडखळतच होई, पण हिरागाना आणि काताकाना या जपानी लिप्या वाचता येत होत्या.

शरयू

मला तेच म्हणायचे होते. मला काहीच येत नव्हते आणि कडेवर आठ महिन्यांचे मूल होते. बाळाला ताप भरला त्या रात्री खालच्या मजल्यावरच्या सोलापूरच्या काकू धावून आल्या. रात्री लहान मुलांच्या आजारासाठी #८००० या क्रमांकावर सल्ला मिळतो आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ लावायचा, हे त्यांनीच सांगितले आणि माझ्या वतीने बोलल्याही त्याच. टोकियोच्या २३ प्रभागांत मुलांच्या उपचाराचा विम्याबाहेरचा हिस्साही प्रभागच उचलतो. त्यासाठी प्रभाग कार्यालयातून मुलाचे वेगळे प्रमाणपत्र घ्यायचे असते, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. माणसाला आधी उभे राहायला जमीन लागते. ती मला आपल्या माणसांनी दिली आणि त्याबद्दल मी आयुष्यभर कृतज्ञ राहीन.

रानजाई

अनुजा, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे कचेरीत न जाणाऱ्या जोडीदाराचा, मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

संगणक क्षेत्रातल्या माणसाचा दिवस टोकियोत बऱ्याच अंशी इंग्रजीत निघतो. कंपनीत दुभाषे असतात, बँकेचे खाते कंपनी उघडून देते, जेवायला सहकारी घेऊन जातात. जपानी भाषेची पहिली आणि रोजची गाठ पडते ती घरी असणाऱ्या व्यक्तीशी. वायूचे बिल, शाळेची चिठ्ठी, दंतवैद्याचा अर्ज, मोठा कचरा नेण्यासाठी करायचा दूरध्वनी आणि त्यासाठी दुकानातून आणायचे शुल्काचे चिकटपत्र, ही सारी कामे तिच्या वाट्याला येतात. आणि भाषेची तयारी करून घेण्यासाठी कंपनी पैसे देते ते नवऱ्याच्या वर्गांचे. माझ्या मते सगळी घडी इथेच विस्कटते. कुटुंबात आधी भाषा कोणी शिकायची याचे उत्तर घरी राहणारी व्यक्ती असेच आहे. घर कोणत्या वस्तीत घेता हा प्रश्न त्यानंतरचा.

माझे पहिले वर्ष फार एकटेपणाचे गेले. आमच्या इमारतीत मराठी बिऱ्हाडे होती, दुपारी आम्ही जमत असू, एकमेकींना धरून होतो. पण बोलणे फिरून फिरून परत कधी जायचे यावरच येई. नवरा रात्री दहाला यायचा. मी मुंबईत वास्तुरचनाकार म्हणून काम केलेले होते आणि इथे माझी ओळख फक्त अमक्यांची पत्नी अशी उरली होती. प्रभागाच्या सामाजिक केंद्रात निवृत्त जपानी स्त्रिया नाममात्र शुल्कात भाषा शिकवतात, तिथे मी जाऊ लागले आणि तिथून चित्र पालटले. त्या बायकांना माझ्याबद्दल कुतूहल होते. इमारतींचे आराखडे मी कसे काढते हे त्यांनी मला विचारले आणि मोडक्यातोडक्या जपानीत का होईना, मी माझ्या कामाबद्दल पुन्हा बोलू लागले.

डिपेंडंट व्हिसावर काम करण्यासाठी इमिग्रेशन कार्यालयातून वेगळी परवानगी काढावी लागते. तिला शुल्क नाही आणि ती मिळाली की आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. पूर्ण वेळ नोकरी मिळाली तर व्हिसाचा प्रकार बदलून घेता येतो. मी पुढे तसेच केले. तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, तुम्हाला काम मिळण्याची शक्यता चांगली आहे. गेल्याबरोबर परवानगीचा अर्ज करून टाका, काम नंतर शोधा.

माणदेशी

रानजाई यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. तो घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावा.

ओसाकावासी

चर्चा फक्त टोकियोची चालली आहे म्हणून पश्चिमेकडचे एक उदाहरण देतो. कोबे शहरात भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती संगणकवाल्यांच्या कितीतरी आधीची आहे. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तिथले पुष्कळ सिंधी आणि गुजराती व्यापारी कोबेला आले आणि तिथेच राहिले. तिथे १९८५ साली बांधलेले जैन मंदिर आहे, गुरुद्वारा आहे. आज तिथल्या तिसऱ्या पिढीतली माणसे घरात सिंधी किंवा गुजराती बोलतात आणि बाजारात अस्सल कोबेच्या बोलीत घासाघीस करतात. आपली वस्ती की जपानी शेजार, हा प्रश्न त्यांनी कधी असा मांडलाच नाही. दोन्ही एकाच वेळी चालले. अर्थात त्यांना वेळ मिळाला, पिढ्या मिळाल्या. चार वर्षांसाठी जाणाऱ्याला तसा वेळ नसतो, हेही मान्य करायला हवे.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. आपला मिक्सर तिथे जेमतेम फिरतो आणि चटणी वाटली जात नाही. निर्यातीसाठी केलेला ११० व्होल्टचा मिक्सर पुण्या-मुंबईतच मिळतो, तो घेऊन जा. शिवाय विजेच्या वारंवारतेत टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६० हर्ट्झ असा फरक आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकन जनित्रे आणली आणि पुढे ती पद्धत बदलली गेली नाही. देशातल्या देशात बिऱ्हाड हलवाल तेव्हा जुनी उपकरणे तपासून घ्या.

सुगरण_मालवण

मिक्सरचा विषय निघालाच आहे तर स्वयंपाकाबद्दल लिहिते, कारण शाकाहारी कुटुंबांसाठी परक्या देशात रुळण्याचा मोठा भाग तिथेच असतो.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हे पाणी, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून होते. त्यामुळे मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, अगदी पालेभाजीवरची ओतणीही शाकाहारी असेलच असे नाही. मांस नको म्हटले की वाढणारा प्रामाणिकपणे मांस काढतो. मासा तो मांसात धरत नाही आणि कित्येकदा हॅमही नाही. म्हणून काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन, लिहून दाखवावे. बौद्ध मठांच्या परंपरेतला शोजिन स्वयंपाक मात्र पूर्ण शाकाहारी असतो, त्यातली दाशी कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि शिताके ही आळिंबी यांची असते. घरी तुम्हीही तशीच करू शकता.

साध्या जपानी बाजारात आपल्या कामाचे बरेच काही मिळते. पांढरा मोठा मुळा पाल्यासकट मिळाला तर भाजी उत्तम होते, लहान वांगी भरायला चांगली, काबोचा भोपळ्याचे घारगे अप्रतिम होतात, भेंडी आणि कारलेही मिळते. जोशिनको नावाचे तांदळाचे पीठ आणा, त्याची उकड छान होते आणि मोदक फुटत नाहीत. त्याच्या शेजारीच चिकट तांदळाचे पीठ ठेवलेले असते, त्याने मोदक बसतात, म्हणून पुडीवरचे नाव नीट वाचा. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला यांसाठी मात्र निशी-कासाई किंवा ओकाचिमाचीला जावेच लागते. महिन्यातून एकदा तिकडे जाऊन सामान भरणे पुष्कळांना पुरते, त्यासाठी तिथेच राहायला हवे असे नाही.

देवगिरी

मोदकांवरून आठवले. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचे मंदिर आहे. तिथली मुख्य देवता कांगितेन, म्हणजे बौद्ध परंपरेतून चीनमार्गे जपानला पोचलेला आपला गणपतीच आहे. तिथे भक्त मुळा वाहतात. मूर्ती दर्शनासाठी उघडी नसते, पण मुळ्याची चिन्हे मंदिरात जागोजागी दिसतात. माझ्या आईवडिलांना तिथे नेले तेव्हा त्यांचे परकेपण पुष्कळ कमी झाले. टोकियो मराठी मंडळाच्या गणेशोत्सवालाही जरूर जा.

कोयनाकाठ

धागा भाषा आणि शेजार यांच्यावर चालला आहे, मला सुरक्षिततेबद्दल लिहायचे आहे, कारण वस्ती निवडताना आपली माणसे हा मुद्दा जवळजवळ नेहमी विसरतात.

११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी टोकियोत होतो. तीव्रता ९.० होती, केंद्र ईशान्येला दूर समुद्रात होते, तरी टोकियोतही फार जोराचे हादरे बसले. रेल्वे बंद पडल्या आणि लाखो माणसे रात्रभर चालत घरी गेली. मीही चाललो. रस्त्यात लोकांनी दुकाने, शाळा, प्रसाधनगृहे उघडी ठेवली होती आणि इतक्या गर्दीत कोणी ढकलाढकली करत नव्हते. त्यानंतरच्या आठवड्यात फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातल्या अपघाताच्या बातम्यांमुळे पुष्कळ भारतीय कुटुंबे परत गेली. त्यांना दोष देता येणार नाही, घरून फोन येत होते आणि लहान मुले होती. पण जे राहिले त्यांना शेजाऱ्यांनी ज्या रीतीने आपले मानले, ते मी जवळून पाहिले आहे.

आता वस्तीबद्दल. एदोगावा प्रभागाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये त्या प्रभागानेच पुराचा नकाशा प्रसिद्ध करून, मोठ्या पुराच्या वेळी इथे थांबू नका, असे रहिवाशांना स्पष्ट शब्दांत सांगितले. शेजारच्या कोतो प्रभागातही सखल भाग मोठा आहे. याचा अर्थ तिथे राहू नये असा मी काढत नाही, लाखो लोक तिथे सुखाने राहतात. पण घर घेताना प्रभागाचा नकाशा पाहा, शक्यतो वरचा मजला घ्या, आपले आश्रयस्थान कोणती शाळा आहे हे पहिल्याच आठवड्यात चालत जाऊन बघून या. माणशी दिवसाला तीन लिटर या हिशेबाने किमान तीन दिवसांचे पाणी घरात ठेवा. दूरध्वनी लागत नाहीत तेव्हा १७१ या क्रमांकावर घरच्यांसाठी निरोप ठेवता येतो, तो कसा ठेवायचा याचा सराव तिघांनीही करा. मुलीला सुद्धा शिकवा.

शरयू

कोयनाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून मी आजच माझ्या इमारतीचा नकाशा पाहणार आहे. मनःपूर्वक आभार.

पेठकर

पैशांबद्दल दोन गोष्टी. तिथला रहिवासी कर आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी तो नसतो आणि पुढे जून महिन्यापासून पगार एकदम कमी येऊ लागतो. तो साधारण उत्पन्नाच्या दहा टक्के असतो. १ जानेवारीला तुम्ही जपानचे रहिवासी असाल तर त्या वर्षाचा कर देश सोडल्यावरही भरावा लागतो, तेव्हा परतीची तारीख ठरवताना हे लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट अशी की भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. तुमच्या नवऱ्याला भारतीय कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठवले असेल आणि भविष्य निर्वाह निधी इकडे चालू असेल, तर तिकडचे निवृत्तिवेतनाचे हप्ते भरावे लागत नाहीत. त्याचे प्रमाणपत्र तुम्ही निघण्यापूर्वी इथूनच घ्या.

निळावंती

एका वेदनेचा उल्लेख अजून कोणी केला नाही. आईवडिलांना तिकडे कायमचे नेता येत नाही. भेटीचा व्हिसा फार तर ९० दिवसांचा मिळतो. उच्च कौशल्य व्हिसा असेल, घरात सात वर्षांखालील मूल असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८० लाख येनच्या वर असेल, तर मूल सांभाळण्यासाठी एका बाजूच्या आईवडिलांना बोलावता येते. बाकीच्यांना ती सोय नाही. माझी आई आजारी असताना मी कचरा कोणत्या दिवशी कोणता टाकायचा याचे वेळापत्रक पाहत तिथे बसले होते. तिकडच्या रीती शिकता येतात. हे मात्र सोसावेच लागते, आणि नवरा-बायकोने जाण्यापूर्वी त्याबद्दल स्पष्ट बोलून घ्यावे असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

अनुजा_सातारा

सर्वांचे आभार. निळावंतीताई, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर आम्ही काल रात्री दोन्हीकडच्या आईवडिलांबद्दल प्रथमच नीट बोललो.

रानजाई यांचा मुद्दा मला पूर्ण पटला आहे आणि जपानीचा वर्ग मीही लावते आहे. आता शाळेबद्दल विचारते. भारतीय शाळेत घातले तर परत आल्यावर अडचण येणार नाही, पण शुल्क मोठे आहे. प्रभागाच्या जपानी शाळेत शुल्क नाही, पण मुलीला भाषेचा एक शब्द येत नाही. चार-पाच वर्षांनी ती महाराष्ट्रातल्या पाचवी-सहावीच्या वर्गात कशी बसेल, ही भीती वाटते.

चाफेकळी

अनुजा, माझी दोन्ही मुले प्रभागाच्या शाळेत शिकली, म्हणून अधिकाराने लिहिते. तुमच्या मुलीचे वय हा तुमच्यासाठी मोठाच योग आहे. जपानमध्ये १ एप्रिलपर्यंत सहा वर्षे पूर्ण झालेले मूल त्याच एप्रिलमध्ये पहिलीत जाते, म्हणजे ती सगळ्या वर्गाबरोबर पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर बसेल. हिरागाना तिथे पहिलीतच मुळापासून शिकवतात. तिसरीत किंवा चौथीत जाणाऱ्या मुलाला कांजीचा, म्हणजे चिनी चित्राक्षरांचा, डोंगर एकदम चढावा लागतो, तसे तिचे होणार नाही.

परदेशी मुलांवर शाळेची सक्ती नाही, पण पालकांनी मागितल्यास प्रवेश मिळतो आणि शिक्षण व पाठ्यपुस्तके विनाशुल्क असतात. मुले गटाने किंवा एकेकटी चालत जातात, वर्ग स्वतः झाडतात, जेवण स्वतः वाढतात. आईवडिलांना मात्र पहिल्या महिन्यात बरेच काम पडते. अंकगणिताच्या पेटीतल्या प्रत्येक काडीवर आणि ठोकळ्यावर मुलाचे नाव चिकटवावे लागते. आपली नावे लांब असतात. पारपत्रात मुलीच्या नावापुढे वडिलांचे नावही असेल तर शाळेत वापरण्यासाठी काताकानात लिहायचे छोटे नाव आधीच ठरवा आणि सगळ्या कागदांवर तेच ठेवा.

शाकाहाराबद्दल मुख्याध्यापकांना आधी भेटा. शाळेत सर्वांनी एकच जेवण जेवावे हा तिथल्या शिक्षणाचाच भाग मानला जातो, त्यामुळे आवडीनिवडीला थारा नसतो. आमची श्रद्धा आणि घरची पद्धत अशी आहे, हे नम्रपणे समजावल्यावर आमच्या शाळेने घरचा डबा आणायला परवानगी दिली. मी दर महिन्याला छापील जेवणाचा तक्ता पाहून त्याच्या जवळ जाणारा डबा देत असे, म्हणजे मुलीला वेगळे वाटत नसे.

अध्यापक_विदर्भ

चाफेकळी यांचे वर्णन फार छान आहे, तरीही मी भारतीय शाळेच्या बाजूने मत देतो. मी परत आलेल्या मुलांना शिकवतो. गणितात ती मागे नसतात, पण मराठी आणि हिंदी वाचन, इंग्रजी लेखन आणि परीक्षेला सामोरे जाणे या तिन्ही ठिकाणी त्यांची फार ओढाताण होते. २०२० च्या कायद्यानंतर महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी अनिवार्य आहे. आपण परत येणार हे नक्की असेल तर मुलाला दोनदा मुळापासून सुरुवात करायला लावणे मला योग्य वाटत नाही.

चाफेकळी

सर, ओढाताण होते हे मी नाकारत नाही, माझ्या थोरल्याची झाली. पण मी घरी रोज अर्धा तास मराठी वाचन सोडले नाही आणि परत आल्यावर एका वर्षात तो सावरला. शेजारच्या वर्गमित्रांबरोबर जे बालपण त्याला मिळाले, त्याच्या बदल्यात ते वर्ष मी आनंदाने देईन. शिवाय माझी जपानी माणसांशी मैत्री झाली ती सगळी शाळेच्या पालकसभेतूनच.

गोदाकाठ

शरयू यांच्या अनुभवानंतर मी माझे मत थोडे बदलते आहे. भाषा येत नसताना आणि लहान मूल असताना पहिले घर आपल्या माणसांजवळ असणे योग्यच आहे. पण मुलीला प्रभागाच्या शाळेत घातले तर वस्ती कोणतीही असो, जपानी समाजाशी संबंध येणारच. वाटसरू यांचा आणि माझा वाद त्यामुळे बराचसा मिटतो असे वाटते.

वाटसरू

माझ्याकडून तो मिटला. शाळेचा विचार मी केलाच नव्हता, कारण मी तिकडे एकटा होतो.

अनुजा_सातारा

आमचे ठरत आले आहे. निशी-कासाईऐवजी कोतो प्रभागात ओजिमाजवळ यूआरचे, शक्यतो वरच्या मजल्यावरचे घर पाहायचे, मुलीला प्रभागाच्या शाळेत घालायचे, आणि नवऱ्याच्या कंपनीला भाषेच्या वर्गाचे पैसे माझ्यासाठी मागायचे. कंपनीने नाही म्हटले तरी वर्ग मी लावणार आहे. आता शाळेसाठी नेमके कधी आणि कुठे जायचे, तेवढे कोणी सांगावे.

चाफेकळी

घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते, म्हणून कराराआधी प्रभागाच्या शिक्षण विभागात चौकशी करा की परदेशी मुलांना जपानी शिकवण्याची सोय कोणत्या शाळांत आहे, आणि त्या शाळांच्या हद्दीत घर शोधा. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत प्रभाग कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. तुम्ही मार्चमध्ये जात आहात आणि प्रवेशाचा समारंभ एप्रिलच्या सुरुवातीलाच असतो, म्हणून इतके दिवस थांबू नका. पत्ता नोंदवाल त्याच दिवशी त्याच इमारतीत शाळेचा अर्जही द्या. तिघांची पारपत्रे, रेसिडेन्स कार्डे आणि मुलीच्या लसीकरणाची नोंद जवळ ठेवा. जपानी मेंदूज्वराची लस तिथे नेहमीच्या लसींत धरली जाते, ती इथे दिली असेल तर तारखेसह लिहून घ्या. समारंभाला तिथल्या आया किमोनो किंवा गडद सूट घालतात. तुम्ही साडी नेसून जा, आणि एप्रिलमध्ये थंडी असते, तेव्हा वर घालायला शाल घ्या.